दुसरी टकटक

शनिवार, रात्री

आज वाचनगटात गोष्ट फसली. तीन पानांची, मुद्दाम या मुलांसाठी मीच लिहिलेली. वाचून होईपर्यंत सगळं छान चाललं होतं, नंतर माझ्या एका प्रश्नाने ती विझली.

पुढच्या नोंदी तिच्यावरच असणार, म्हणून गोष्ट इथे थोडक्यात लिहून ठेवते. ओढ्यावर एक जुना लाकडी पूल आहे, फळ्या कुजलेल्या. मुलांच्या टोळीत ठरतं की जो पूल ओलांडेल तो आपल्यातला. रघू पळत ओलांडतो. मनू तिसऱ्या फळीपर्यंत जातो आणि परत येतो. सगळे हसतात. दुसऱ्या दिवशी त्याला कळतं की रघूचा सहा वर्षांचा धाकटा भाऊही संध्याकाळी पूल ओलांडून दाखवणार आहे. मनू रघूच्या घरी जातो, दार वाजवतो, त्याच्या आईला सगळं सांगतो. पुलाच्या तोंडाशी आडवा वासा बांधला जातो. टोळी मनूशी बोलणं टाकते. शेवटच्या परिच्छेदात मनू शाळेच्या पायरीवर एकटा बसलेला आहे. तिथेच गोष्ट संपते.

मुलं नऊ ते बारा वर्षांची, अकरा जणं. मनूचं पाऊल तिसऱ्या फळीवर पडलं तेव्हा कोणी हलतसुद्धा नव्हतं. आणि मी पान मिटताक्षणी विचारलं, "मग, मनू शूर होता की नाही?"

"होऽऽ!" एका सुरात.

"का बरं?"

"कारण त्याने खरं सांगितलं."

उत्तर माझ्या प्रश्नातच होतं. मुलांनी ते उचलून मला परत दिलं. वर मी "यातून आपण काय शिकलो?" हेही विचारलं. "नेहमी खरं बोलावं." तेवढ्यात मनू कुठल्या कुठे विरून गेला आणि भिंतीवरचा सुविचार तेवढा उरला.

निघताना चपला घालता घालता एक मुलगा दुसऱ्याला हळूच म्हणाला, "पण ती चुगलीच की रे." आज दिवसभरात गोष्टीबद्दल कोणी मनापासून बोललेलं हे एकच वाक्य, आणि ते जिन्यात बोललं गेलं.

रविवार

सकाळपासून त्या 'चुगली'वर अडकले आहे. त्याला हे माझ्यासमोर म्हणता आलं नाही, कारण माझा प्रश्नच तसा होता. 'शूर की नाही' असं मोठ्या माणसाने विचारलं की मुलं माणसाच्या तोंडाकडे बघतात, पानाकडे बघत नाहीत.

एडन चेंबर्स हे मुलांसाठी लिहिणारे इंग्रज लेखक, आधी शिक्षक होते. मुलांशी पुस्तकांबद्दल बोलताना 'का?' या प्रश्नाने सुरुवात करू नका, असं त्यांनी कळकळीने सांगितलं आहे. 'का'मध्ये जाब विचारल्याचा सूर येतो. त्याऐवजी ते 'मला सांग' म्हणायचे. तुला काय आवडलं ते सांग, काय खटकलं ते सांग, कुठे कोडं पडलं ते सांग. हे मी पूर्वी वाचलं होतं, पटलंही होतं, आणि काल ऐनवेळी नेमकं विसरले.

दुसरं म्हणजे थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांमधली संभाषणं ध्वनिमुद्रित करून मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात, असं तिला दिसलं. तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. काल मी किती थांबले असेन? एक सेकंदही नसेल. ती शांतता मला सहन होत नाही, हे खरं कारण. मुलं गप्प बसली की वाटतं, गोष्ट पोचलीच नाही.

बुधवार

आज स्वयंपाक करता करता शब्दांचाच विचार चालला होता. आपल्याकडे या एका गोष्टीसाठी किती शब्द आहेत. शौर्य, धाडस, हिंमत, धैर्य. कोणी मनाचा हिय्या करतो. कोणाची छाती होत नाही. कोणाचं अवसान गळतं, आणि कोणी उसनं अवसान आणतो. हे उसनं अवसान मला फार जवळचं वाटतं. अंगात नसलेलं बळ थोड्या वेळापुरतं मागून आणायचं आणि काम झालं की परत द्यायचं. मनू दार वाजवायला गेला तो तसाच गेला असणार. रघू पुलावरून पळाला तोही बहुधा तसाच.

आणि 'धीर'. 'धीर धर' म्हणजे थांब, घाई करू नकोस. 'धीर कर' म्हणजे पाऊल उचल. 'धीर दिला' म्हणजे जवळ बसला, पाठीवर हात ठेवला. 'धीर सुटला' म्हणजे आता सोसवेना. थांबणं, पुढे होणं, सोबत बसणं आणि सोसणं ही चारही कामं आपण एकाच शब्दाकडून करून घेतो. मुलांना 'शूर' हा एकच शब्द दिला तर त्यांच्या डोळ्यांसमोर पूल ओलांडणारा रघूच येणार. शनिवारी हे सगळे शब्द फळ्यावर लिहायचे आणि कोणता शब्द गोष्टीत कोणाला, कोणत्या ओळीला लागतो ते त्यांनाच ठरवू द्यायचं.

मुलं दिसणाऱ्या गोष्टीला आधी धरतात, यात नवल नाही. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने 1932 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना दोन छोट्या गोष्टी सांगितल्या होत्या. एका मुलाकडून दार उघडताना, दारामागे काय आहे ते माहीत नसताना, 15 कप फुटतात. दुसऱ्याकडून कपाटातला जॅम गुपचूप काढताना 1 कप फुटतो. जास्त खट्याळ कोण? लहान मुलं बहुतेक 15 कपवाल्याकडे बोट दाखवत, मोठी मुलं मनात काय होतं ते बघत. हेतू नीट उलगडून सांगितला तर लहान मुलांनाही तो कळतो, असं पुढच्या संशोधकांनी दाखवलं. मला तर वाटतं, मोठ्यांचंही आधी फुटलेल्या कपांकडेच लक्ष जातं. मनात काय होतं हे बघायला कोणीतरी आपल्याला थांबवावं लागतं. गोष्टीचं काम ते थांबवण्याचं आहे. मी ते करू दिलं नाही.

शनिवार, रात्री

आज लिहायला खूप आहे.

पुन्हा तीच गोष्ट नेली. "परत तीच?" म्हणून दोघांनी तोंड वाकडं केलं. म्हटलं, आज मी वाचणार नाही, तुम्ही वाचायची. आणि वाचताना जिथे कोणीतरी घाबरलंय असं वाटेल त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारायची. 'भीती' हा शब्द तिथे नसला तरी चालेल.

सगळ्या रेघा मनूच्या नावावर पडतील असं मी धरून चालले होते. पण पाच जणांनी रघूच्या ओळीखालीही रेघ मारली. 'रघू पळत सुटला. पलीकडे पोचल्यावर मोठ्याने हसला.' एकाने सांगितलं, "तो चालत का गेला नाही? चालत गेला असता तर खाली दिसलं असतं." दुसरी म्हणाली, "आणि हसण्यासारखं काही झालंच नव्हतं." ही ओळ मी लिहिली आहे, पण रघू घाबरला होता हे मला लिहिताना ठाऊक नव्हतं. आता ती ओळ मलाही तशीच दिसते. रघू म्हणजे नुसता वाईट मुलगा, हे काल-परवापर्यंत सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, मीसुद्धा. दोन रेघांनी तो माणूस झाला.

मग चुगली. जिन्यातला मुलगा कोण ते मी सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, "काही जणांना ही चुगली वाटू शकते. मला सांगा." आणि थांबले. मनात एक, दोन, तीन मोजलं. चारवर तो स्वतःच बोलला. टोळीतली गोष्ट बाहेर सांगायची नसते, मनूने विश्वास मोडला. त्यावर जी जुंपली! चुगली आणि सांगणं यात फरक काय? एकीचं म्हणणं, चुगली करणाऱ्याला मजा येते. दुसऱ्याचं म्हणणं, चुगली समोरच्याला मार बसावा म्हणून करतात, सांगणं कोणाला तरी लागू नये म्हणून असतं. जिन्यातल्या मुलाला हे पूर्ण पटलं नाही. "पण मनूने आधी रघूला सांगून बघायला हवं होतं," तो म्हणाला. मला हे इतकं योग्य वाटलं की मी तसं बोलून दाखवलं. गोष्टीत ते नाही. मनू थेट आईकडे जातो. तो रघूला का टाळतो? या प्रश्नाला आज उत्तर मिळालं नाही, आणि मी ते पुरवलंही नाही.

सगळ्यात मागे एक मुलगी बसते, दोन महिन्यांत तिचा आवाज मी चारदोन वेळा ऐकला असेल. तिने दाराच्या प्रसंगात एकच रेघ मारली होती. तिथे असं आहे: 'मनूने दारावर टकटक केली. थोडा वेळ थांबून पुन्हा केली, आधीपेक्षा हळू.' तिने 'हळू' या शब्दाखाली इतकी दाबून रेघ मारली होती की कागद मागून उठला होता. "कोणी उघडलं नाही तर आपण दुसऱ्यांदा जोरात वाजवतो ना," ती म्हणाली. "याने हळू वाजवलं. त्याला वाटत होतं, कोणी उघडू नये."

कोणी काही बोललं नाही. मला मोजावंही लागलं नाही. मग जिन्यातल्या मुलाने बाकावर बोटाच्या पेराने वाजवून बघितलं. एकदा, आणि मग हळू. त्याच्या शेजारच्याने वाजवलं. मग सगळ्यांनी एकेकदा.

सोमवार

टकटक अजून कानात आहे.

प्लेटोच्या एका संवादाची आठवण झाली. दोन वडील आपल्या मुलांना शस्त्रविद्या शिकवावी का, म्हणून दोन सेनापतींना विचारतात, सॉक्रेटिसही तिथे असतो. बोलता बोलता प्रश्न येतो की धैर्य म्हणजे काय. लाखेस नावाचा सेनापती चटकन सांगतो, जो आपली जागा सोडत नाही, पळत नाही, तो धैर्यवान. सॉक्रेटिस त्याला इ.स.पू. 479 मधल्या प्लाटियाच्या लढाईची आठवण देतो. तिथे स्पार्टाचे सैनिक आधी मागे हटले, शत्रूची रांग विस्कटली तेव्हा वळून लढले आणि जिंकले. मागे हटले म्हणून त्यांना भित्रे म्हणायचं का? संवाद संपतो तरी व्याख्या कोणाला सापडत नाही. शेवटी ठरतं की मुलांच्या आधी आपणच शिकायला हवं.

त्या दोन वडिलांचा मला आधार वाटला. एवढे मोठे लोक जिथे अडले, तिथे माझी अकरा मुलं अडली तर बिघडलं काय. तिसऱ्या फळीवरून मनूचं परत येणं शनिवारी राहूनच गेलं. हसणाऱ्या टोळीकडे तोंड करून चालत यायचं, हे पुलावरून पळण्याइतकंच कठीण असेल का? हा प्रश्न पुढच्या वेळी माझ्याकडून टाकायचा नाही. तो पेन्सिलीतून आला तर येईल.

शनिवार, रात्री

आज खुर्ची मांडली. तीत बसेल तो मनू, बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. 'तो'चा 'मी' झाला की मुलांचं बोलणं किती बदलतं! गेल्या आठवड्यात 'त्याने विश्वास मोडला' म्हणणारा जिन्यातला मुलगा आज स्वतः होऊन खुर्चीत बसला.

"तू रघूला आधी का नाही सांगितलंस?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रघूने मला परत पुलावर चल म्हटलं असतं. आणि मी गेलो असतो."

"तुला रघूचा राग येतो?"

"नाही. तो माझा मित्र आहे." थोडं थांबून, "अजून."

एक पथ्य मी कटाक्षाने पाळते. 'तुझ्या आयुष्यात असं कधी झालं का?' हे चारचौघांत विचारायचं नाही. मुलांना मनूच्या आडून बोलता येतं, तो आडोसा मी काढून घेणार नाही. आज एकाने विचारलं, मनूने सांगितलं नसतं तर तो भित्रा ठरला असता का? तेव्हा मात्र मी बोलले. सांगायला गेल्यावर पलीकडचं माणूस कसं वागेल हे आपल्याला माहीत नसतं, आणि न सांगणाऱ्या प्रत्येकाला भित्रा म्हणता येत नाही. हेही सांगून ठेवलं की गट संपल्यावर मी नेहमी थोडा वेळ इथेच थांबते.

सगळे गेल्यावर मागच्या बाकावरची मुलगी दप्तर आवरत रेंगाळली. तिने विचारलं, "ताई, रघूच्या आईने दार उघडल्यावर आधी काय म्हटलं? गोष्टीत ते नाहीये."

खरंच नाही. गोष्टीत दार उघडतं आणि पुढच्याच वाक्यात मनू बोलायला लागतो. इतक्या हळू वाजवलेल्या दारामागून कोणता आवाज आला, हे मी लिहिलंच नव्हतं. तिला म्हटलं, लिहून आणते. ती मान हलवून गेली.

मंगळवार

'काय रे, काय झालं?' असं लिहिलं, खोडलं. त्यात घाई आहे. 'रघू घरी नाही' हे खरं वाटतं, पण त्यावर मनू मुकाट परत फिरला असता. 'घाबरू नकोस' तर नकोच, त्याने अजून काही सांगितलेलंही नाही. रात्री उशिरा एकच ओळ ठेवली आहे.

'रघूच्या आईने दार पूर्ण उघडलं आणि ती म्हणाली, "ये, आत बस."'

शनिवारी हा कागद आधी तिला दाखवायचा आहे. पेन्सिल सोबत द्यायला हवी.