आमची वाटचाल: ११ पासून ११.५ पर्यंत

'ताई, तुम्ही संशोधक की चित्रकार?' हे विचारणाऱ्याला मी आम्ही छापतो ती दंडघेराची पट्टी दाखवते. मुलाच्या दंडाभोवती गुंडाळली की कुपोषण आहे का ते कळतं. मोखाड्याच्या पाड्यांवर मुलांचे दंड मोजत मी चार वर्षं काढली. रात्री सर्व्हेच्या कोऱ्या फॉर्मांमागे चित्रं काढायची. स्तनपानाचं पहिलं चित्र एका आजीला दाखवलं. तिनं विचारलं, "हिचे पाय कुठं गेले?" मी कंबरेपाशीच चित्र संपवलं होतं. तेव्हापासून आमच्या फ्लिपचार्टातली (पानं उलटत दाखवायच्या चित्रांच्या संचातली) प्रत्येक बाई पायांसकट असते.

छपाई भाऊंची. नाशिकला एक गाळा, एक टेबल, लाकडी फ्रेमा. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, पिवळा मध्यम, हिरवा ठीक, तिन्हींच्या स्क्रीन वेगळ्या. नव्यांना सांगते, फ्रेम मालापासून फार उचलून बांधू नका. स्क्वीजी (शाई ओढायचं रबर) ओढताना जाळी ताणते आणि छाप लांबतो. लग्नपत्रिकेत ते कुणाला कळणार नाही. पट्टीत कळतं. दर शंभरामागे एक पट्टी स्टीलच्या पट्टीला लावून बघायचीच.

२००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी तीव्र कुपोषणाची रेघ ११ सेंटीमीटरवरून ११.५ वर नेली. संशोधक म्हणून मला पटलं, जास्त मुलं वेळेत सापडणार. मालक म्हणून घाम फुटला. गाळ्यात जुन्या रेघेच्या नऊ हजार पट्ट्या बांधून पडल्या होत्या, प्लास्टिकवाल्याची उधारी डोक्यावर. भाऊ म्हणाले, "भंगारात द्यायच्या नाहीत, कुणीतरी वापरेल." तीन दिवस कात्री घेऊन एकेक पट्टी कापत बसले.

आमच्याच लाइनीतल्या एकानं कात्री नाही घेतली. जुन्या मालावर अर्ध्या सेंटीमीटरचा लाल स्टिकर चिकटवला, आमच्यापेक्षा कमी दर भरला आणि जिल्ह्याची ऑर्डर उचलली. नाव घेत नाही. टेंडरमध्ये दराचा रकाना असतो, रेघेचा नसतो. आमची आधीची बिलं वर्षभर अडकलेली. भाऊंनी दोन महिने पगार घेतला नाही, मी शिकवण्या धरल्या.

टिकलो ते एका उपकेंद्राच्या सिस्टरांमुळे. तेव्हा उपकेंद्राला गरजेप्रमाणे खर्चायला मिळणाऱ्या दहा हजारांच्या अबंधित निधीतून दरवर्षी पंचवीस पट्ट्या आणि एक फ्लिपचार्ट, पैसे हातोहात. (छोट्या गिऱ्हाइकाला उधारी देऊ नका म्हणतात. मोठ्या ऑफिसला देऊ नका, मी सांगते.) एकदा त्यांचा फोन आला: "ताई, एकाच पोराचा दंड. त्यांच्या पट्टीत पिवळा, तुमच्यात लाल." पोराचा दंड ११.३ होता. त्यांनी लाल धरून त्याला त्याच दिवशी तालुक्याला पाठवलं.

पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

ती दुसरी पट्टी सिस्टरांनी पाकिटात घालून मला पाठवली. माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. घामानं स्टिकर सुटलेला, खाली जुनी रेघ ११ वर.