वसईच्या वाड्यांमधून सायकलने
भाईंदरहून रो-रो बोटीने सायकलसह वसईच्या धक्क्यावर उतरले की किल्ला जवळच आहे. 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने तटाखाली सुरुंग लावून, मोठी मनुष्यहानी सोसून, तो पोर्तुगीजांकडून जिंकला. आत छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंतींत झाडांची मुळे अशी शिरली आहेत की दगड कुठे संपतो हे कळत नाही. (किल्ल्यात घाई करू नये, हे माझे आग्रहाचे सांगणे.) पुढे गिरीज, भुईगाव, निर्मळ, आगाशी या वाटेवर चढ जवळजवळ नाही आणि दुतर्फा केळीच्या वाड्या आहेत. मराठ्यांनी 1737 मध्ये घेतलेला अर्नाळा किल्ला बेटावर असल्याने सायकल किनाऱ्यावर ठेवून होडीने जावे लागते. दुपारी समुद्रावरचा वारा वाढतो. त्यामुळे सकाळी लवकर निघणे सोयीचे.