मधाची वाटी

‘ताई, बाळाला मध चाटवू दिला नाही तर आत्या काय म्हणेल?’

लालबागच्या चाळीतली, सातवा महिना लागलेली मुलगी विचारत होती. एचआयव्हीचा रिपोर्ट येऊन तिला तीन महिने झाले होते. गोळ्या मेतकुटाच्या डब्याखाली लपवलेल्या, पण रात्री जेवण झालं की न चुकता घ्यायची. नवऱ्याला ठाऊक होतं, बाकी कुणालाच नाही. आणि आता बाळंतपणाला माहेरी, कणकवलीला निघाली होती.

मी समुपदेशनाच्या कामाला लागले तेव्हा कळा सुरू झाल्या की आईला नेविरापिन या एचआयव्हीवरच्या औषधाची एक गोळी आणि 72 तासांच्या आत बाळाला सिरप, एवढंच हातात होतं. 2014 पासून गरोदर बाईला लगेच, जन्मभराची एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या, मोफत मिळते. काहीच उपचार नसले तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होते. गोळ्या नीट चालू असतील तर 5 हून कमी.

म्हणून मला धास्ती गोळ्यांची नसते, त्या मधाच्या वाटीची असते. मध, साखरपाणी, मग उगाळलेली गुटी. सगळं मायेनंच. पण अंगावरचं आणि वरचं दोन्ही सुरू झालं की बाळाच्या आतड्याचं कोवळं अस्तर दुखावतं आणि दुधातल्या विषाणूला वाट मिळते. सहा महिने निव्वळ अंगावरचं आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध, पाण्याचा थेंबही नाही.

आम्ही एक वाक्य पाठ केलं. ‘डॉक्टरांनी सगळ्याच बाळंतिणींना सांगितलंय, सहा महिने दुधाशिवाय काही नाही.’ यात खोटं काहीच नाही, हा सल्ला प्रत्येक बाळासाठी आहे. मी आत्या झाले, भांडले, रुसले. तिसऱ्या वेळी तिचा आवाज ठाम निघाला. तिकडच्या एआरटी केंद्राच्या नावाची चिठ्ठी तिनं पोलक्यात ठेवली.

दीड महिन्यानं ती बाळाला घेऊन आली. सिरपच्या सिरिंजवर मात्रेच्या रेघेशी तिनं लाल नेलपॉलिशची खूण केली होती. टाचेला टोचून कार्डावरची वर्तुळं रक्तानं भरली; बाळ किंचाळलं, तिनं लगेच पदराखाली घेतलं. काही दिवसांनी रिपोर्ट आला, विषाणू नाही. 18 महिन्यांपर्यंत तपासण्या आहेतच.

‘आणि मध?’ मी विचारलं.

‘आत्या वाटी घेऊनच आली होती. मी वाक्य म्हटलं. ती काही बोलायच्या आत आईनंच वाटी उचलून आत नेली.’