८८० वरच्या बातम्या थांबल्या (२६ ऑगस्ट २०२४)

न्यूयॉर्क-न्यू जर्सीत गाडी चालवणाऱ्या मराठी मंडळींसाठी. काल मध्यरात्री रेडिओच्या एएम ८८० वरच्या बातम्या संपल्या. ऑगस्ट १९६७ पासूनचं हे बातम्यांचं केंद्र. आज तिथे ईएसपीएनच्या खेळावरच्या गप्पा आहेत, केंद्राचं नावही डब्ल्यूसीबीएसचं डब्ल्यूएचएसक्यू झालंय. फार वाईट वाटलं.

तासाच्या ८, १८, २८, ३८, ४८ आणि ५८ व्या मिनिटाला वाहतूक आणि हवामान, एकत्र. रेडिओ कधीही लावा, दहा मिनिटांच्या आत पूल आणि बोगद्यांची स्थिती कळायचीच. नकाशाचं ॲप आपल्यापुरता रस्ता दाखवतं. हे सगळ्या शहराचं सांगायचं, तेही रस्त्यावरची नजर न हलवता. अशी शिस्तशीर रचना मोडायला नको होती.

आता गाडीतलं बटण १०१० वर लावून ठेवा. तेही ऑडेसी या रेडिओ कंपनीचंच बातम्यांचं केंद्र; वाहतूक १, ११, २१ अशा मिनिटांना. तेच ९२.३ एफएमवरही लागतं. काही इलेक्ट्रिक गाड्यांत एएम नसतंच (मोटरच्या विद्युत लहरींमुळे खरखर होते), त्यांना एफएम बरं. मात्र शहरापासून लांब गेलात की एफएम तुटतं, तेव्हा एएमवरच या.