जर्मन कॅम्पसवरचं हिवाळी सत्र: काय येतंय आणि कधी धरायचं

उन्हाळ्यात प्रवेशपत्रं हातात पडली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडून विचारणा सुरू होते: तिकीट कधीचं काढू? आमचं उत्तर ठरलेलं आहे. कागदोपत्री हिवाळी सत्र 1 ऑक्टोबरला सुरू होतं आणि वर्ग साधारण महिन्याच्या मध्यावर भरतात. पण कॅम्पसवरच्या बऱ्याच गोष्टींच्या जागा त्याआधीच भरून गेलेल्या असतात. म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोचा. गणपती उशिरा येतात त्या वर्षी विसर्जनानंतर आठ-दहा दिवस घरी काढून मगच निघणारे पुष्कळ असतात. हौस आम्हाला समजते, पण ते दिवस पुढे सगळं सत्रभर नडतात.

सगळ्यात आधी हुकतो तो जर्मनचा वर्ग. विद्यापीठाच्या भाषा केंद्रात तो बहुतेक ठिकाणी फुकट किंवा थोडक्या फीत असतो. मात्र त्याआधी पातळी ठरवणारी चाचणी द्यावी लागते आणि ती वर्ग सुरू व्हायच्या आतच उरकते. त्या निकालावरच तुकड्या पाडलेल्या असल्यामुळे मागाहून विनंती करून कुणी आत घेत नाही. थेट एप्रिलची वाट बघावी लागते. पुढच्या नोकरीचा विचार केला तर पहिल्या सत्रातलं हे सगळ्यात मोठं नुकसान, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याच सुमारास ओळख-आठवडा असतो. तो विभागातल्या विद्यार्थ्यांची समिती भरवते, तिला फाखशाफ्ट म्हणतात. शहरात फेरी, एकत्र नाश्ता, खेळ असा कार्यक्रम बघून आपली मुलं 'यात काय आहे' म्हणून खोलीवर बसतात. पण जुन्या प्रश्नपत्रिका कुठे मिळतात, कुठला विषय फक्त हिवाळ्यातच शिकवतात, कुठल्या विषयाला आधी सराव-गुण लागतात, हे सीनियर तिथेच सांगतात. पत्रकावर वेळेपुढे 'सी. टी.' लिहिलेलं असेल तर कार्यक्रम पंधरा मिनिटांनी सुरू होतो, 'एस. टी.' असेल तर ठोक्याला.

नोव्हेंबर-डिसेंबरात एक गोष्ट न बोलता निघून जाते: परीक्षेची नोंदणी. आपल्याकडे व्हीटीयू असो की राणी चन्नम्मा विद्यापीठ, परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली की कॉलेजमध्ये नोटीस लागते, क्लार्क हाक मारतो. इथे वर्गाची नोंदणी वेगळी आणि परीक्षेची वेगळी. ठरलेल्या मुदतीत पोर्टलवर जाऊन प्रत्येक विषयापुढे टिक करावी लागते. ती राहिली तर सत्रभर वर्गात बसलेल्यालाही पेपर देता येत नाही. पोचल्या पोचल्या परीक्षा विभागाच्या पानावरून तारखा काढून मोबाईलमध्ये टाका. जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या सत्राची फी भरायची मुदतही तशीच येते. ती चुकली तर आधी दंड आणि नंतर पटावरून नाव कमी. रेसिडेन्स परमिट त्या पटावरच उभं असतं.

आता कामाचं, कारण घरच्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातच प्राध्यापकांकडे केलेलं साहाय्यकाचं काम, ज्याला सगळे 'हीवी' म्हणतात, त्या दिवसांत मोजत नाहीत. वर्ग चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या आत राहावं, नाहीतर विम्याचं गणित बदलतं. किमान वेतन 1 जानेवारी 2026 पासून ताशी 13.90 युरो आहे. महिन्याला 40 तास धरले तर 556 युरो. हॉटेलात भांडी घासण्यापेक्षा हीवी शंभर पटींनी बरी: पैसे मिळतात, वर थीसिससाठी ओळख होते.

या जागांचा गाजावाजा होत नाही. त्या-त्या विभागाच्या पानावर किंवा दाराशेजारच्या फलकावर एक कागद लागतो, तोही बहुधा सत्र संपता संपता, कारण बरेचसे करार एप्रिल आणि ऑक्टोबरला सुरू होतात. आपली मुलं इथे एक ठरावीक चूक करतात. 'रिस्पेक्टेड सर'ने सुरू होणारा एकच मेल चाळीस जणांना धाडतात आणि कुणाचंच उत्तर येत नाही. प्राध्यापकाला त्या प्रकल्पाचं काम येणारा माणूस हवा असतो. मेल आठ-दहा ओळींचा असावा: कुठला फलक वाचला, त्यातलं नेमकं काय येतं (पायथन, मॅटलॅब, लॅबमधलं एखादं यंत्र), आठवड्याला किती तास, कधीपासून. सोबत एक पानी सीव्ही आणि गुणपत्रक.

निवड झाली तरी करार व्हायला काही आठवडे जातात. विद्यापीठाचा दाखला, विम्याचं पत्र, बँक खातं आणि कर क्रमांक लागतो. हा कर क्रमांक नगरपालिकेत पत्ता नोंदवल्यावर टपालाने येतो. खाली टपालपेटीवर तुमच्या नावाची चिठ्ठी नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असतो. अशा वेळी नगरपालिकेत जसं नाव नोंदवलंय तसंच्या तसं पेटीवर चिकटवा, घरात हाक मारायचं नाव नको.

स्कॉलरशिपमध्ये 'डॉइचलांडस्टिपेंडियुम' डोळ्यासमोर ठेवा. महिन्याला 300 युरो, निम्मे जर्मन केंद्र सरकारचे आणि निम्मे देणगीदारांचे. नागरिकत्वाची किंवा घरच्या उत्पन्नाची अट नाही. अर्जाची मुदत प्रत्येक विद्यापीठाची वेगळी, बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच. गुणांसोबत सामाजिक कामही बघतात, आणि तिथे आपली मुलं उगाच मागे राहतात. एनएसएसचं शिबिर, 2019 च्या पुरात केलेली मदत, गावातल्या वाचनालयाचं काम, हे सगळं चालतं. फक्त लेटरहेडवर, इंग्रजीत, किती महिने आणि नेमकं काय केलं ते लिहिलेलं पत्र हवं. नुसतं कन्नड किंवा मराठी प्रशस्तिपत्र इथे कुणी वाचू शकत नाही.

प्रत्येक देशाचा स्टॉल असलेली आंतरराष्ट्रीय संध्याकाळही सत्रात केव्हातरी होते. त्यासाठी बेळगावचा कुंदा बॅगेत भरू नका. युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे आणि कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच. कस्टमवाल्यांनी बॅग उघडली तर डबा जाणार. इथल्या दुधाचा इथेच आटवा.

निघण्यापूर्वी व्हीटीयूच्या ज्ञानसंगम कॅम्पसमधून किंवा आपल्या विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टच्या दोन-तीन जादा सीलबंद प्रती घ्या, आणि एनएसएसच्या पत्रासाठी कॉलेजात सुट्टी लागायच्या आत अर्ज द्या.