एक मिक्सर मागवला, दोन आले

सातारच्या एका ताईंचा फोन आला नसता तर हा घोळ आणखी महिनाभर चालला असता. मिक्सर एकच मागवला होता, दारात दोन उतरले. "पैसे एकाचेच घेतलेत, दुसरा घेऊन जा बाबा."

डेटाबेसमधलं ऑर्डरचं टेबल उघडलं, तर तोच आयडी दोनदा. प्रायमरी की, म्हणजे एक आयडी एकदाच असा नियम, असूनही! शेजारचा नवा मुलगा उत्साहात म्हणाला, "दादा, यूयूआयडी कोलाइड झाला!" म्हणजे मशीनने बनवलेला लांबलचक आयडी योगायोगाने दोनदा तोच आला. अरे, त्याच्या व्हर्जन 4 मध्ये 122 बिट रँडम असतात, त्याआधी आपल्याला लॉटरी लागेल. पण मग हे काय? दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या तेव्हा दिसलं: एकीत ए-बी-सी लहान लिपीतले, दुसरीत कॅपिटल.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, गोदामाचं जुनं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसवर. ते यूयूआयडी मजकूर म्हणून देतं तेव्हा कॅपिटलमध्ये देतं. दर तासाला दोन्हीकडच्या ऑर्डरींचा सिंक, म्हणजे जुळवाजुळव, होतो. आयडी सापडला तर अपडेट, नाही तर नवी ऑर्डर. आणि आमचा आयडीचा कॉलम व्हारचार 36, म्हणजे 36 अक्षरांपर्यंतचा साधा मजकूर. म्हणजे मशीनच्या लेखी ही दोन वेगळी नावं. तीन वर्षांपूर्वी तो कॉलम मीच टाकला होता. दिसतं तर अक्षरांसारखंच, म्हटलं चालेल. खरं तर तो 16 बाइटचा आकडा. यूयूआयडी टाइप दिला असता तर पोस्टग्रेसने कॅपिटल, लहान, कंसातला, बिनडॅशचा, सगळे एकच धरले असते.

आधी डेटाबेसच्या कॉपीवर कॉलमचा टाइप बदलून पाहिला. पहिली एरर: एका ओळीत आयडी रिकामा. दुसरी: कुणीतरी "टेस्ट123" भरून ठेवलेलं. ते साफ केलं, तर युनिक इंडेक्स, म्हणजे आयडी दोनदा येऊ न देणारी सूची, बनेना. आयडी लहान लिपीत करून ग्रुप बाय लावला, म्हणजे सारखे आयडी एकत्र केले, आणि चौदा जोड्या निघाल्या. त्या हातानेच जुळवल्या. कुठली पाठवली, कुठली नाही, गोदामाला विचारत विचारत. फॉरेन की असलेली, म्हणजे याच आयडीकडे बोट दाखवणारी, टेबलंही सोबतच बदलावी लागतात, एकीकडे यूयूआयडी आणि दुसरीकडे व्हारचार असं जमत नाही. शिवाय टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तोवर लॉक, कुणालाच वापरता येत नाही, म्हणून खरं काम रात्री दोनला केलं. इंडेक्सही बराच आटला.

त्याआधी संध्याकाळी ताईंचा पुन्हा फोन. मिक्सर न्यायला दोन माणसं आली होती.