ऑगस्टात मॅट वॉर्निश मारलं आणि सेंच्युरियन पांढरा पडला

रत्नागिरीत राहून प्लॅस्टिकची मॉडेलं करणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर मॅट, म्हणजे चमक मारणाऱ्या, वॉर्निशची बाटली उघडू नये. हे एक वाक्य मला मे महिन्यात कुणी सांगितलं असतं तर माझे अडीच महिने वाचले असते. म्हणून बाकीचं सगळं मागे ठेवून ते आधी लिहिलं.

मॉडेल सेंच्युरियन रणगाड्याचं, एकास पस्तीस मापाचं. टामिया या जपानी कंपनीचा मार्क ३ चा संच, तोफेच्या नळीसकट साधारण २८ सेंटिमीटर लांब. ते करायचं होतं साताऱ्याच्या मामांसाठी. मामा १९७० मध्ये सैन्यात भरती झाले, ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या आणि शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये. पुढे नगरला असताना त्यांनी सेंच्युरियनवर काम केलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. त्या दिवशी त्यांच्या काचेच्या कपाटात ही गाडी उभी असणार, असं मी मनाशी पक्कं करून बसलो होतो.

खरं तर मला 'फॅमागुस्टा' करायची होती. १६ डिसेंबर १९७१ ला शकरगड भागात, बसंतरच्या लढाईत, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल शेवटपर्यंत ज्या सेंच्युरियनमध्ये लढले तीच. पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे अधिकारी, जन्म पुण्यातला, वय एकवीस, मरणोत्तर परमवीर चक्र. ती गाडी नंतर दुरुस्त करून नगरला आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपून ठेवली आहे. मामांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "बोल्ट न् बोल्ट खरा बसवणार असशील तर त्या गाडीचं नाव लाव. नाहीतर साधी सेंच्युरियन कर. तीपण काय कमी नाही." बोल्ट न् बोल्ट खरा बसवण्याइतके फोटो माझ्याकडे नव्हते. नाव लावलं नाही. त्या आघाडीवरची एक गाडी, एवढंच ठरवलं.

जोडणीत अडलं काहीच नाही. एप्रिलचे तीन रविवार गेले. रंगही सरळ झाला: राखाडी प्रायमर, त्यावर ऑलिव्ह ड्रॅबमध्ये, म्हणजे लष्करी हिरव्यात, थोडा बफ, म्हणजे फिकट पिवळसर रंग, मिसळून हवेने रंग फवारणाऱ्या एअरब्रशने दोन पातळ हात. बफ मिसळायचं कारण असं, की खऱ्या गाडीवरची गडद छटा जशीच्या तशी एवढ्याशा मॉडेलवर दिली तर घरातल्या उजेडात ती काळी दिसते. मग चकचकीत वॉर्निश, त्यावर डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची खुणांची पातळ चित्रं, त्यावर तैलरंगाचा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग. डिकल नेहमी चकचकीत थरावरच लावा. खरखरीत पृष्ठभागावर त्यांच्याखाली हवा अडकते आणि ती चंदेरी दिसायला लागतात. मे संपताना गाडी हिरवी, चकचकीत आणि जवळजवळ तयार होती.

राहिलं होतं मॅट वॉर्निश. आणि त्याच्यावाचून पुढचं काहीच होत नाही, कारण गाडी मळलेली दिसावी म्हणून शेवटी लावायची धुळीची पूड चकचकीत थरावर टिकत नाही, घसरून जाते. तिला धरायला खरखर लागते.

वॉर्निश मी मेच्या दुसऱ्याच आठवड्यात मागवलं होतं. ते पार्सल दोन वेळा अर्ध्या वाटेवरून परत गेलं. ज्वलनशील द्रव विमानातून नेत नाहीत हा नियम योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाठवणाऱ्याने ते पहिल्यांदा विमानाने पाठवलं. परत आल्यावर त्याच कागदांनिशी पुन्हा विमानानेच पाठवलं, आणि दोन्ही वेळा मला फोनवर "दोन दिवसांत मिळेल" असंच सांगितलं. तिसऱ्यांदा मी स्वतः लिहून दिलं की फक्त रस्त्याने पाठवा. बाटली हातात पडली तेव्हा जुलैचा शेवटचा आठवडा होता आणि बाहेर कोसळत होतं. रंग, थिनर, वॉर्निश असलं काही मागवायचं असेल तर ऑर्डर देतानाच 'रस्त्याने' असं लिहून घ्या, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तर मागवूच नका.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी दुपारी उघडीप मिळाली. ऊनसुद्धा पडलं होतं. मला वाटलं, हीच वेळ. पडवीत खोका आडवा ठेवला, बाटली हलवली, एअरब्रशने अख्ख्या गाडीवर एक हात मारला. ओला असताना सुरेख दिसत होता. चहा घेऊन परत आलो, तर इंजिनच्या झाकणांपासून तोफेच्या नळीपर्यंत गाडीवर चुन्याचा हात फिरवल्यासारखं झालं होतं. हिरवा रंग, वॉश, कडांवर तासन् तास बसून काढलेले ओरखडे, सगळं त्या पांढुरक्या पडद्याआड गेलं होतं.

त्यानंतरच्या चार दिवसांत मी जे जे केलं ते कुणी करू नये, म्हणून सविस्तर सांगतो. आधी वाटलं थर कमी पडला, म्हणून लगेच दुसरा हात मारला. पांढरेपणा दुप्पट झाला. मग हेअर ड्रायरची गरम हवा दिली. पांढरेपणा तसाच, उलट मडगार्डची पातळ कड वाकली. मग बोटावर खोबरेल तेल घेऊन मागच्या कोपऱ्यात चोळून पाहिलं, आणि तिथला हिरवा रंग लख्ख परत आला. जीव भांड्यात पडला. संध्याकाळपर्यंत बसून अर्ध्या बुरुजाला तेल लावलं. सकाळी पाहतो तर तेल जिरून बुरूज पुन्हा पांढरा, आणि वर तेलकट डाग. ते तेल काढायला साबणाचं पाणी लागलं आणि त्यात एका बाजूचा डिकल निघून आला. चौथ्या दिवशी बारीक पॉलिश पेपर हातात घेतला होता. तेवढं मात्र बायकोने करू दिलं नाही, आणि तिच्यामुळे गाडी वाचली.

हे का होतं ते समजायला मला आणखी दोन आठवडे लागले. कारण साधं आहे. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम सुटतो, तसंच इथे होतं. वॉर्निशमधलं थिनर भराभर उडतं आणि उडताना पृष्ठभाग गार करतं. हवा दमट असली की तिच्यातली वाफ त्या गार पृष्ठभागावर धरते आणि सुकत्या थरात अडकते. थर वाळतो, पाणी निघून जातं, पण त्याने केलेली बारीक पोकळी मागे राहते. त्या असंख्य पोकळ्यांवर उजेड विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. तेल त्या पोकळ्यांत भरतं तेवढ्यापुरता खालचा रंग दिसतो, तेल जिरलं की पुन्हा पांढरं. स्प्रेच्या डब्यात हे आणखी लवकर होतं, कारण डब्यातला वायू बाहेर येताना आधीच गार असतो. उघडीप आणि ऊन पाहून फसायचं नाही. पाऊस थांबला म्हणून हवा कोरडी होत नाही. नंतर मी हवेतला दमटपणा मोजायचं छोटं मीटर आणलं. ऑगस्टातल्या तशाच एका उन्हाच्या दुपारी पडवीत त्याने ८८ टक्के दाखवले. ६० च्या खाली आल्याशिवाय मी आता बाटलीचं झाकण काढत नाही.

म्हणजे थांबणं आलं. ते थांबणं मला फार जड गेलं. गाडी खोक्यात घालून माळ्यावर ठेवली, पण रोज सकाळी उठून मीटर बघायचो. ९१, ८९, ९३. गणपती आले, गेले. मामांचा वाढदिवस आला. मी रिकाम्या हातांनी साताऱ्याला गेलो आणि फोनमधला पांढऱ्या पडलेल्या गाडीचा फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "कातडी गेली, हाड शाबूत आहे. ऑक्टोबरात काढ." त्या एका वाक्याने मला जेवढं बरं वाटलं तेवढं अडीच महिन्यांत दुसऱ्या कशाने वाटलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दोन वाजता, मीटर पहिल्यांदा ५७ वर आलं. लोक उकाड्याने हैराण झाले होते आणि मी आनंदात होतो. पांढऱ्या थरावरचा उपाय असा: त्यावर चकचकीत वॉर्निश मारायचं, पण त्यात सावकाश उडणारं थिनर, म्हणजे रिटार्डर, थोडं मिसळून. नवा थर जुन्या थराला वरून सैल करतो आणि पोकळ्या भरून निघतात. आधी पोटाकडच्या बाजूला करून पाहिलं. डोळ्यांदेखत पांढरेपणा विरत गेला आणि खालून माझा वॉश, माझे ओरखडे जसेच्या तसे वर आले. मी बायकोला आणि शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलं. मग दोन दिवस सुकू दिलं, निघालेला डिकल परत लावला, वाकलेली कड गरम पाण्यात बुडवलेल्या चमच्याने दाबून सरळ केली, आणि तिसऱ्या दुपारी मॅटचा अगदी हलका हात मारला. मॅटची बाटली पाच मिनिटं तरी हलवायची. त्यातली मॅट करणारी पूड तळाशी बसते, आणि ती नीट मिसळली नाही तर कोरड्या हवेतही पांढरे ठिपके येतात. आणि पहिला हात प्लॅस्टिकच्या चमच्यावर. हिरवा रंग दिलेले दहा चमचे आता माझ्याकडे कायम तयार असतात.

त्यापुढचं वेदरिंग, म्हणजे गाडीवर वापराच्या खुणा उमटवायचं काम, चार संध्याकाळींत झालं. त्यात मामांनी फोनवरून मला दोन मोठ्या चुकांपासून वाचवलं. मी गाडीभर गंज काढायला निघालो होतो. ते म्हणाले, "रोज हात फिरणाऱ्या गाडीला असा गंज चढत नसतो. गंज बघायचा तर सायलेन्सरवर बघ." सेंच्युरियनला मागच्या मडगार्डांवर दोन्ही बाजूंना सायलेन्सर असतात. तिथे उष्णतेने रंग जळतो आणि गंज तिथेच धरतो. बाकी अंगावर धूळ, तेल आणि बुटांनी झिजलेल्या वाटा. ड्रायव्हर कुठे पाय देऊन चढतो, तोफेत गोळे भरणारा लोडर कुठून उतरतो, याचा विचार करून कडा झिजवा. इंजिन रोल्स-रॉइसचं मिटिऑर, पेट्रोलवर चालणारं. पेट्रोल सांडलं तर उडून जातं. डाग राहतो तो तेलाचा, आणि त्यावर बसलेल्या धुळीचा. म्हणून इंजिनच्या झाकणांभोवती मी गडद, थोडे चमकदार ओघळ दिले.

दुसरी चूक मातीची. अंगणातली माती मी वस्त्रगाळ करून ठेवलीसुद्धा होती. ती जांभ्याची, तांबडी. बसंतरच्या काठची माती पंजाबच्या सपाटीतली, नदीच्या गाळाची, फिकट करडी. तांबडी धूळ लावली असती तर गाडी शकरगडला न उतरता रत्नागिरीत उतरली असती. शेवटी वाण्याकडची मुलतानी माती कामी आली. चिमूटभर राखाडी खडूची पूड मिसळून ब्रशने चाकांवर आणि मडगार्डांखाली लावली, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडला. सुकल्यावर ती जागची हलत नाही. ओली असताना खूप गडद दिसते, तेव्हा घाबरून आणखी लावू नका.

नगरचं रणगाडा संग्रहालय जरूर पाहा. नळीची जाडी, वेल्डिंगचे सांधे, चाकांच्या जोड्या समजायला त्यासारखी जागा नाही. पण वेदरिंगसाठी तिथल्या गाड्या प्रमाण मानू नका. त्या जपलेल्या आहेत, त्यांच्यावर पुन्हा पुन्हा रंग चढला आहे आणि त्या लढाईतून आत्ता आलेल्या नाहीत.

मघाशी राहून गेलं: वॉशसाठी कॅम्लिनची बर्न्ट अंबरची ट्यूब पुरते, महागड्या तयार बाटल्या लागत नाहीत. रंग आधी पुठ्ठ्यावर अर्धा तास काढून ठेवा, म्हणजे त्यातलं जवसाचं तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि वॉश चमकत नाही. पण टर्पेंटाइन चाकांच्या दांड्यांत साचू देऊ नका. ताणात असलेलं प्लॅस्टिक त्याने तडकतं. माझी डावीकडची एक बोगी, म्हणजे चाकांची जोडी धरणारा भाग, मे महिन्यात तशीच तुटली होती आणि आत पितळी तार घालून जोडावी लागली. पट्ट्यांना शेवटी ६बी पेन्सिल घासा. सेंच्युरियनचे पट्टे पोलादी, जमिनीला लागणारा भाग घासून उजळतो. चाकांना मात्र रबर आहे, तिथे पेन्सिल नको.

नोव्हेंबरच्या अखेरीस गाडी साताऱ्याला नेली. मॅट थरावर बोटांचे ठसे उठतात, म्हणून पोटातून दोन स्क्रू घालून ती लाकडी पाटावर बसवली होती आणि पाट खोक्याला बांधला होता. एसटीत खोका मांडीवर. मामांनी चष्मा लावला, पाट हातात घेऊन गाडी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली आणि सायलेन्सरपाशी थांबले. "हा गंज बरोबर," म्हणाले. मग स्वतःच उठून कपाटातलं चिनी मातीचं सामान बाजूला केलं. कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवून आलोय. जूनच्या आधी त्या बदलायच्या, हे मामींना दोनदा सांगितलं आहे.